नाबोथचा मळा आणि अबादानचे तेल

सामान्यकाळाच्या अकराव्या आठवड्यात, वाचनक्रमाच्या दुसऱ्या वर्षी, सोमवारच्या मिस्सेला नाबोथच्या द्राक्षमळ्याची कथा वाचली जाते. आठवड्यातील सकाळच्या मिस्सेला माणसे थोडी असतात. त्यामुळे राजांच्या पहिल्या ग्रंथातील हा एकविसावा अध्याय आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेलाच नसतो. कथा थोडक्यात अशी. इज्रेल येथे अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथचा मळा आहे. राजाला तो भाजीपाल्यासाठी हवा आहे. राजा तो हिसकावून घेत नाही. बदल्यात याहून चांगला मळा देऊ करतो, नाही तर रोख किंमत. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचे वतन मी देणार नाही. राजा रुसतो, तोंड फिरवून बिछान्यावर पडतो, जेवत नाही. मग राणी ईजबेल राजाच्या नावाने पत्रे लिहिते, त्यांवर राजाची मोहर उठविते, गावात उपवास जाहीर करविते आणि दोन अधम माणसांकरवी नाबोथविरुद्ध साक्ष देवविते की, याने देवाची व राजाची निंदा केली. गावचे वडीलधारे सांगितल्याबरहुकूम सारे पार पाडतात. नाबोथला दगडमार होतो आणि राजा मळ्याचा ताबा घ्यावयास उतरतो.

वसईच्या वाडीवाल्याला नाबोथचे उत्तर समजावून सांगावे लागत नाही. तथापि आम्ही ही कथा येथे वेगळ्या कारणासाठी घेतली आहे. एखादे बलाढ्य राष्ट्र तेलसंपन्न परमुलखाच्या कारभारात हात का घालते, या प्रश्नाला आपल्याकडे एका शब्दात उत्तर मिळते: तेल. १९९१ साली कुवेतसाठी युद्ध झाले तेव्हा ओसरीओसरीवर हेच उत्तर ऐकू येत होते. २००३ साली इराकवर हल्ला झाला तेव्हा आणि जून २०२५ मध्ये अमेरिकी विमानांनी इराणच्या अणुकेंद्रांवर बाँब टाकले तेव्हाही तेच. उत्तर अगदीच खोटे आहे असे नाही. पण ते अहाबला भाजी हवी होती असे म्हणण्यासारखे आहे. राजाच्या ताटात भाजी कमी पडत होती असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही.

या प्रश्नाचा विचार करताना इराणमधील १९५३ सालचा उठाव जितका उपयोगी पडतो तितके दुसरे कोणतेही उदाहरण पडत नाही, असे आमचे मत आहे. कारण येथे मळा कोणाचा, पत्रे कोणी लिहिली, साक्षीदार कोणी आणले हे सारे आता कागदोपत्री उपलब्ध आहे. शिवाय या एकाच घटनेवर तीन अगदी भिन्न वृत्तींची पुस्तके आहेत. पहिले कट घडविणाऱ्याचे स्वतःचे, केर्मिट रूझवेल्ट यांचे ‘काउंटरकू’ (१९७९); दुसरे अमेरिकी पत्रकार स्टीफन किंझर यांचे ‘ऑल द शाहज् मेन’ (२००३); आणि तिसरे इराणात जन्मलेले अर्मेनियन वंशाचे इतिहासकार एर्वांद अब्राहामियन यांचे ‘द कू’ (२०१३). ही तीन पुस्तके एकापुढे एक ठेवून वाचली असता ‘का’ या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात, आणि त्यांतील एकही पूर्णपणे पटत नाही.

आधी मळ्याची माहिती दिली पाहिजे. १९०१ साली विल्यम नॉक्स डार्सी या धनिकाने इराणच्या शाहाकडून साठ वर्षांचा तेलशोधाचा हक्क मिळविला. उत्तरेकडील पाच प्रांत वगळता जवळजवळ सारा देश त्यात आला. मोबदला म्हणून वीस हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे समभाग आणि निव्वळ नफ्याचे सोळा टक्के ठरले. मे १९०८ मध्ये मस्जिदे सुलेमान येथे तेल लागले, पुढच्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑईल कंपनी स्थापन झाली आणि १९१४ साली ब्रिटिश सरकारने तिचे निम्म्याहून अधिक समभाग विकत घेतले. नौदलाची जहाजे कोळशाऐवजी तेलावर चालवावयाची होती, आणि त्या वेळी नौदलाची सूत्रे विन्स्टन चर्चिल यांच्या हाती होती. म्हणजे कंपनी हीच सरकार आणि सरकार हीच कंपनी, अशी ती रचना होती. ज्या देशाने ईस्ट इंडिया कंपनी पाहिली आहे त्याच्या वाचकांना याहून अधिक विवरण नको.

अबादान येथील कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना पुढे जगातला सर्वांत मोठा ठरला. तो उभारण्यात व चालविण्यात हिंदुस्थानातून नेलेल्या कारागिरांचा आणि कारकुनांचा मोठा हात होता. वरच्या जागांवर इंग्रज, मध्ये हिंदी, तळाशी इराणी मजूर, असा तो जिना होता. तळाच्या मजुरांच्या वस्तीला लोक ‘कागझाबाद’ म्हणत, कागदी गाव. साहेबांच्या बंगल्यांभोवती हिरवळ होती. १९४० नंतरच्या दशकात कंपनी इराण सरकारला जितका स्वामित्वधनाचा हिस्सा देत होती त्याहून अधिक रक्कम ती ब्रिटिश सरकारला करापोटी भरत होती. ज्याची जमीन त्याला चोथा आणि शेजाऱ्याला रस, असा हा हिशेब. कंपनीच्या जमाखर्चाच्या वह्या पाहण्याचा अधिकार मात्र इराणला नव्हता. १९५० च्या डिसेंबरात सौदी अरेबियाला अमेरिकी कंपन्यांनी निम्मा नफा देण्याचे मान्य केले, तरी लंडनच्या कंपनीला वेळीच जाग आली नाही.

मार्च १९५१ मध्ये इराणच्या संसदेने तेलाचे राष्ट्रीयीकरण केले आणि एप्रिलच्या अखेरीस डॉ. महंमद मोसादेघ पंतप्रधान झाले. युरोपात कायद्याची डॉक्टरेट मिळविलेला, भाषण करताना डोळ्यांत पाणी आणणारा, पुष्कळदा बिछान्यावरूनच परकीय वकिलांशी बोलणी करणारा हा वृद्ध मनुष्य पाश्चात्त्य वृत्तपत्रांच्या चेष्टेचा विषय झाला. पण हाच मनुष्य ऑक्टोबर १९५१ मध्ये न्यूयॉर्कला जाऊन सुरक्षा समितीपुढे आपल्या देशाची बाजू मांडून आला. त्या वर्षी भारत समितीचा सभासद होता, आणि इंग्लंडला हवा होता तसा ठराव समितीने केला नाही. पुढे जुलै १९५२ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हा वाद आपल्या अधिकारकक्षेत येत नाही असा निवाडा दिला. तेथील ब्रिटिश न्यायाधीश मॅकनेअर यांनी आपल्याच देशाच्या म्हणण्याविरुद्ध मत दिले. जगात असेही इंग्रज होते, हे नमूद करणे न्यायाचे आहे.

न्यायासनाकडून मळा मिळाला नाही. इराणी तेलावर बहिष्कार घालून, जहाजे अडवून मिळाला नाही. मग पत्रे लिहिण्याची पाळी आली.

रूझवेल्ट यांचे पुस्तक आम्ही दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते रंजक वाटले, दुसऱ्या वाचनात भयंकर. लेखक राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू. लहानपणापासून त्याला ‘किम’ म्हणत. हे नाव ज्या किप्लिंगच्या कादंबरीतील हेरगिरी करणाऱ्या पोराचे, तो किप्लिंग आपल्या मुंबईत १८६५ साली जन्मला. साम्राज्याच्या सरहद्दीवरचा ‘थोर खेळ’ हा त्या कादंबरीचा एक विषय. रूझवेल्ट यांच्या पुस्तकालाही तोच रंग आहे. जुलै १९५३ मध्ये ते इराकमधून इराणची सीमा ओलांडतात तेव्हा नाक्यावरचा अर्धशिक्षित शिपाई पारपत्र वाचतो आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात लिहिलेला ‘उजव्या कपाळावरील व्रण’ हेच त्यांचे नाव समजून वहीत उतरवितो. लेखकाने हा प्रसंग हसवण्यासाठी सांगितला आहे, आणि हसू येतेही. तेहरानमध्ये मध्यरात्री मोटारीच्या तळाशी कांबळे पांघरून लेखक राजवाड्यात शिरतो व शाहाची गाठ घेतो. कट शिजत असताना मंडळी जुगाऱ्याच्या नशिबाविषयीचे एक नाटकातील गाणे पुनःपुन्हा वाजवीत बसतात.

या पुस्तकात इराणी माणूस नाही, हे आमचे पहिले गाऱ्हाणे. शाहा आहे, सेनापती आहेत, टोपणनावांचे हस्तक आहेत, गर्दी आहे. पण त्या गर्दीतला एकही मनुष्य घरी जेवावयास जात नाही, त्याला बायकोमुले नाहीत. १९ ऑगस्ट १९५३ रोजी तेहरानच्या रस्त्यांवर सुमारे तीनशे माणसे मेली असे साधारणपणे सांगितले जाते. लेखकाच्या कथेत हा दिवस विजयाचा, मद्याचे पेले भरण्याचा. ज्या लेखनप्रकारात नायक साहसी असतो व मुलूख परका असतो, त्या प्रकारात मेलेल्यांची नावे विचारण्याची रीत नसते. आपण लहानपणी वाचलेल्या कित्येक साहसकथाही अशाच होत्या.

दुसरे गाऱ्हाणे ‘का’ या प्रश्नाविषयी. रूझवेल्ट यांचे उत्तर सरळ आहे: इराण साम्यवाद्यांच्या हाती जाणार होते, आम्ही ते वाचविले. तेलाविषयी ते फारसे बोलतच नाहीत. पण पुस्तकाच्या इतिहासानेच या मौनाचा भेद केला. पहिल्या आवृत्तीत जेथे जेथे ब्रिटिश हेरखात्याचा उल्लेख यावयास हवा होता तेथे तेथे तेल कंपनीचे नाव घातले होते. कंपनीच्या वारसदारांनी, म्हणजे ब्रिटिश पेट्रोलियमने, त्यावर हरकत घेतली, आणि प्रती बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. सुधारित आवृत्तीत कंपनी गेली व हेरखाते आले. वाक्ये बहुतेक तीच राहिली. नाम बदलले, क्रियापद तेच. शंभर पानांच्या विश्लेषणाने जे सिद्ध झाले नसते ते मुद्रितशोधकाच्या लेखणीने सिद्ध केले: या कथेत कंपनी आणि सरकार ही नावे एकमेकांच्या जागी चालतात.

रूझवेल्ट जे गाळतात ते त्यांच्याच संस्थेच्या कागदांत सापडते. कटाच्या आखणीत भाग घेतलेल्या डोनाल्ड विल्बर यांनी १९५४ साली संस्थेसाठी एक गुप्त इतिहास लिहून ठेवला होता. तो एप्रिल २००० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उजेडात आणला. विल्बर कारकुनी कोरडेपणाने लिहितात, म्हणूनच त्यांचे लेखन साहसकथेपेक्षा अधिक अंगावर येते. वृत्तपत्रांत मोसादेघविरोधी मजकूर पेरला. साम्यवादी असल्याचे सोंग घेऊन हस्तकांनी मुस्लिम धर्मगुरूंना धमक्या दिल्या. एका धर्मगुरूच्या घरी खोटा बाँबस्फोट घडवून आणण्याची गोष्ट तर त्यात नोंदलेलीच आहे. हेतू हा की, मोसादेघचे मित्र देवाचे शत्रू आहेत असे श्रद्धाळू लोकांना वाटावे. आणि पंतप्रधानास काढून जनरल झाहेदी यांस नेमणारी फर्माने शाहाच्या सहीची असली तरी इच्छा दुसऱ्यांची होती. शाहा अखेरपर्यंत कचरत होता, त्याच्या बहिणीला युरोपातून आणून त्याचे मन वळवावे लागले. राजाच्या नावाची पत्रे, त्यांवर राजाची मोहर, देवनिंदेची खोटी साक्ष. ईजबेलच्या कृतीतील एकही पायरी गाळलेली नाही.

इज्रेलच्या वडीलधाऱ्यांविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण ते आमच्याच वर्गातले आहेत. आयातुल्ला काशानी हे आरंभी मोसादेघचे सहकारी, पुढे विरोधक. तेहरानमधील दुसरे वजनदार धर्मगुरू बेहबहानी यांच्या हातून गर्दी जमविण्यासाठी इतका परकीय पैसा वाटला गेला अशी वदंता होती की, लोक त्या नोटांना ‘बेहबहानी डॉलर’ म्हणू लागले. त्या मंडळींना साम्यवादाची भीती खरोखरच वाटत होती, हे आम्ही नाकारीत नाही. भीती खरी असली की तिच्यावर स्वार होणे दुसऱ्याला सोपे जाते. उपवास जाहीर करणारा इज्रेलचा वडीलधाराही कदाचित मनापासून उपास करीत असेल.

किंझर यांचे पुस्तक या तिघांत सर्वांत वाचनीय. पत्रकाराची दृष्टी, सफाईदार निवेदन, माणसे डोळ्यांसमोर उभी राहतात. मोसादेघ यांना माणूस म्हणून प्रथम येथे भेटता येते. आमचा आक्षेप दोन ठिकाणी आहे. पहिला, किंझर यांच्या कथेत इंग्रज हे कसलेले खलनायक आणि अमेरिकन हे भुलविले गेलेले भोळे असे रूप येते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी उठावास मान्यता दिली नाही, जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर आले, परराष्ट्रखाते जॉन फॉस्टर डलेस यांच्याकडे व हेरखाते त्यांचे बंधू ॲलन डलेस यांच्याकडे गेले आणि वारे फिरले, ही माहिती खरी आहे. पण ट्रुमन यांच्या काळातही अमेरिकेने कधी मोसादेघना असा तोडगा देऊ केला नव्हता की ज्यात तेलाचा ताबा इराणकडे राहील. भाव वाढवून देऊ, मळा मात्र सोडा, हा अहाबचा मूळ प्रस्तावच तेथे चालू होता.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. १९५३ पासून १९७९ ची क्रांती आणि तेथून २००१ साली न्यूयॉर्कवर झालेला हल्ला, अशी सरळ रेघ किंझर ओढतात. पहिला टप्पा पटतो. ऑक्टोबर १९७९ मध्ये परागंदा शाहाला अमेरिकेत प्रवेश मिळाला तेव्हा तेहरानच्या तरुणांना आठवले की, सव्वीस वर्षांपूर्वी शाहा असाच पळाला होता आणि अमेरिकी वकिलातीतून हललेल्या सूत्रांनी त्याला परत आणले होते. ४ नोव्हेंबरला त्यांनी वकिलात काबीज केली. बावन्न माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. त्यांतील पुष्कळजण १९५३ साली शाळकरी पोरे असतील. याच अध्यायाच्या शेवटी एक वचन आहे, ज्यावर प्रवचन करावयास आम्ही नेहमी कचरतो. एलियाची कठोर वाणी ऐकून अहाब नम्र होतो, आणि देव म्हणतो की हे अरिष्ट त्याच्या हयातीत नव्हे तर त्याच्या पुत्राच्या काळी येईल. पुत्राचा काय अपराध? शास्त्राचे भाष्यकार याचे निरनिराळे समाधान करतात. तेहरानची वकिलात पाहिली की त्या वचनातील इतिहास तेवढा कळतो, न्याय कळत नाही. परंतु २००१ पर्यंतची रेघ ओढणे म्हणजे वेगळ्या देशांतील, वेगळ्या पंथांतील, वेगळ्या रागांना एकाच दाव्याला बांधणे होय. चांगल्या निवेदकाला शेवट गाठण्याची घाई होते, ती येथे झाली आहे.

अब्राहामियन यांचे पुस्तक रुक्ष आहे, पण ‘का’ या प्रश्नाशी झुंजते ते तेच. त्यांचे म्हणणे असे की साम्यवादाची भीती हे आवरण होते. आतला गाभा तेलाच्या नियंत्रणाचा होता. तेलाचा नव्हे, नियंत्रणाचा. हा भेद फार महत्त्वाचा आहे. त्या वर्षांत जगात तेलाचा तुटवडा नव्हता. इराणी तेल बंद झाले तेव्हा कुवेत, सौदी अरेबिया, इराक येथील उत्पादन वाढवून ती तूट भरून काढली गेली. १९५४ साली नवा संघ स्थापन करण्यात आला, त्यात जुन्या ब्रिटिश कंपनीला चाळीस टक्के, अमेरिकी कंपन्यांना मिळून चाळीस, शेलला चौदा व फ्रेंच कंपनीला सहा असे वाटे पडले. त्यात शिरण्यासाठी अमेरिकी कंपन्यांची स्वतःच्या सरकारलाच मनधरणी करावी लागली, कारण त्यांच्याजवळ अन्यत्र तेल मुबलक होते. म्हणजे राजाच्या ताटात भाजी होतीच. बोचत होता तो नाबोथचा नकार. एका देशाला आपला मळा स्वतः राखता आला तर उद्या इंडोनेशिया, परवा व्हेनेझुएला, तेरवा इराक तेच म्हणेल. किती उपसावे, कोणाला विकावे, कोणत्या भावाने विकावे हे ठरविण्याचा अधिकार लंडन, न्यूयॉर्क येथील मोजक्या कचेऱ्यांतून निघून जाईल. ही धास्ती खरी होती. म्हणूनच संघाने कागदावर राष्ट्रीयीकरण कायम ठेवले, तेलाची मालकी इराणची म्हणून मान्य केली, नफाही निम्मा दिला. व्यवस्थापन व विक्री मात्र स्वतःकडे ठेवली. नाबोथचे नाव सातबाऱ्यावर राहू दिले आणि मळ्याच्या किल्ल्या घेतल्या.

या मताला बळकटी देणारी एक गोष्ट रूझवेल्ट स्वतःच नकळत सांगून जातात. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला कटाची हकीकत सांगितली. लोकांची व सैन्याची इच्छाच तशी नसेल तर असे उद्योग पुन्हा करू नयेत, असेही सुचविले. फॉस्टर डलेस यांच्या डोळ्यांत मात्र वेगळेच तेज दिसत होते. थोड्याच दिवसांत लेखकाला ग्वाटेमालाची कामगिरी देऊ करण्यात आली आणि त्याने ती नाकारली. १९५४ च्या जूनमध्ये ती दुसऱ्यांनी पार पाडली. आता ग्वाटेमालात तेलाचा प्रश्न नव्हता. तेथे केळी होती. युनायटेड फ्रूट या अमेरिकी कंपनीची पडीक जमीन तेथील सरकारने १९५२ च्या कायद्याने भूमिहीन शेतकऱ्यांना वाटावयास घेतली होती, आणि डलेस बंधूंच्या वकिली पेढीने पूर्वी त्या कंपनीचे काम पाहिले होते. केळीच्या बागाईतदारांना, म्हणजे आमच्या वाचकांतील अनेकांना, आपल्या पिकाने एवढे मोठे सरकार उलथून पडू शकते हे वाचून नवल वाटेल. तेल असो की केळी, फळ दुय्यम आहे.

तरीही अब्राहामियन यांच्याशी आमचा एक मतभेद उरतोच. भीतीला ते केवळ आवरण मानतात. कबुलीजबाबाच्या पेटीत काही वर्षे बसलेल्या माणसाला हे पटणे कठीण आहे. लोभी मनुष्य सहसा ‘मला लोभ झाला’ असे म्हणत येत नाही. ‘कुटुंबाचे रक्षण करावयाचे होते’ असे म्हणत येतो, आणि तसे त्याला खरोखर वाटत असते. डलेस बंधू ढोंगी होते असे आम्ही मानीत नाही. फॉस्टर डलेस हे प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र, चर्चच्या कामात आयुष्यभर वावरलेले. साम्यवादाविरुद्धचा लढा हा त्यांना धर्मलढा वाटत होता. तुदेह पक्ष अस्तित्वात होता, त्याची सैन्यात गुप्त संघटना होती, १९५० साली कोरियात युद्ध पेटले होते. या भीतीला कारण होते. हितसंबंध आणि भीती ही दोन वस्त्रे एकमेकांवर घातलेली नव्हती, एकाच धाग्याने विणलेली होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ च्या ‘सोल्लिचितुदो रेई सोच्यालिस’ या विश्वपत्रात पापाच्या संरचनांविषयी लिहिताना नफ्याचा हव्यास आणि सत्तेची तहान यांचा जोडीने उल्लेख केला आहे. या जोडीपैकी कोणते एक आधीचे, हे कोरडा इतिहासकार ठरवू पाहतो; आमच्या मते ते ठरविता येत नाही.

तसेच नाबोथ संत होता असे शास्त्र सांगत नाही, आणि मोसादेघ यांनाही संत करण्याचे कारण नाही. ऑगस्ट १९५३ मध्ये संसद विसर्जित करण्यासाठी त्यांनी जे सार्वमत घेतले त्यात ‘होय’ आणि ‘नाही’ यांच्या पेट्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवल्या होत्या. मत गुप्त राहणार नव्हते हे उघड आहे. कायद्याच्या पंडिताने हे करावे याचे दुःख वाटते. किंझर हे ओझरते सांगतात, अब्राहामियन त्याचे समर्थन शोधतात. दोघांनीही येथे थोडे थांबावयास हवे होते.

आता आमच्या घरचे. आखातातील नोकरीच्या पैशावर आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी घरांवर स्लॅब पडला, मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. १९९० साली कुवेतवर इराकी सैन्य चालून आले तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. त्यांत आपलीही माणसे होती. अमेरिकी फौजांनी कुवेत मोकळे केले म्हणून त्यांतील कित्येकांना पुन्हा नोकरीवर जाता आले. तेव्हा ‘अमेरिका तेलासाठी लढते’ असे जेवणाच्या टेबलावर म्हणताना ते टेबल कोठून आले हेही आठवावे. सत्तेची जी मांडणी आपण नावे ठेवून मोकळे होतो तिच्या सावलीत आपणही बसलो आहोत. हे सांगितल्याने हस्तक्षेप न्याय्य ठरत नाही. बोलणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो, इतकेच.

आणि किंमत कोणी मोजली तेही पाहावे. २००३ साली युद्ध टाळण्यासाठी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कार्डिनल एचेगारे यांना बगदादला आणि कार्डिनल पिओ लागी यांना राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याकडे पाठविले. दोघांच्याही हाती काही लागले नाही. अब्राहामच्या उर देशी प्रेषितांच्या काळाशी नाते सांगणारा खाल्डियन ख्रिस्तसमाज तोवर बराच मोठा होता. आज तेथील सारे ख्रिस्ती मिळून काही लाखच उरले आहेत. फेब्रुवारी २००८ च्या अखेरीस मोसुलचे महागुरू पॉलोस फराज राहो यांचे मिस्साविधीहून... नव्हे, क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून निघताना अपहरण झाले आणि पुढे त्यांचा मृतदेहच हाती आला. ३१ ऑक्टोबर २०१० रोजी बगदादच्या तारणमाता चर्चमध्ये मिस्सा चालू असताना अतिरेक्यांनी भाविकांना व धर्मगुरूंना ठार केले. २०१४ मध्ये मोसुलमधून ख्रिस्ती कुटुंबांना घरेदारे टाकून निघावे लागले. ज्यांनी बॉंब टाकले ते ख्रिस्ती राष्ट्र म्हणून ओळखले जात होते, आणि त्याचा सूड ज्यांच्यावर उगवला गेला ते त्यांच्याच प्रभूचे नाव घेणारे होते. रूझवेल्ट यांच्या पुस्तकात जशी तेहरानची मेलेली माणसे नाहीत, तशी इराकच्या युद्धावरील पुष्कळ अमेरिकी पुस्तकांत ही माणसे नाहीत.

उरला प्रश्न कबुलीचा. अमेरिकेच्या परराष्ट्रखात्याने १९८९ साली त्या काळच्या इराणविषयक दस्तऐवजांचा खंड प्रसिद्ध केला तेव्हा त्यात उठावाचा मागमूस नव्हता. त्या खात्याच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष, इतिहासकार वॉरन कोहेन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला, आणि १९९१ साली तेथील काँग्रेसला असे खंड प्रामाणिकपणे काढण्यासाठी कायदाच करावा लागला. मार्च २००० मध्ये परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांनी उठावातील सहभाग जाहीर भाषणात मान्य केला. २०१३ साली हेरसंस्थेचा स्वतःचा कागद मोकळा झाला. गाळलेल्या खंडाची भरपाई करणारा नवा खंड जून २०१७ मध्ये, म्हणजे घटनेनंतर चौसष्ट वर्षांनी, निघाला. एवढा उशीर झाला तरी ज्या राष्ट्रात स्वतःच्या सरकारविरुद्ध असा राजीनामा देणारा इतिहासकार निपजतो त्याला आम्ही सरसकट ईजबेलच्या पंक्तीत बसविणार नाही. हे तीनही लेखक अमेरिकेतच राहून लिहिते झाले आणि त्यांची पुस्तके तेथेच छापली गेली.

मोसादेघ यांना तीन वर्षांची कैद झाली. नंतर अहमदाबाद या गावी स्वतःच्या घरात त्यांना मरेपर्यंत नजरकैदेत ठेवले गेले. ५ मार्च १९६७ रोजी ते वारले. जुलै १९५२ मध्ये त्यांच्यासाठी रस्त्यावर उतरून मेलेल्या नागरिकांशेजारी आपल्याला पुरावे अशी त्यांची इच्छा होती. शाहाने ती परवानगी दिली नाही. घरातील जेवणाच्या खोलीची जमीन उकरून त्यांना तेथेच पुरण्यात आले.